रुईच्या भिंतीआड

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पोलिसांनी नाही, गावानं नाही, परवापर्यंत कुंदाच्या सख्ख्या भावानंही नाही. म्हणे बाई घाबरली, काहीबाही ऐकलं. अरे, उभा जन्म मी कुंदाशेजारी बसून गायले. तिचा आवाज मला नाही कळणार तर कोणाला?

बसा. पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघी हळदीची गाणी म्हणायला जातो. मी ओळ टाकते, कुंदाबाई झेलते. शिंदखेड्याकडच्या प्रेमराजशेठच्या मुलीची हळद होती. आदल्या दिवशी वादळानं मांडव फाडला, म्हणून शेठनं कार्यक्रम आपल्या कापसाच्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये घेतला. वर पत्रे, भोवती पत्रे. आमच्या साऊंडवाल्या भटूनं माईकवर नुसतं 'चेक' म्हटलं, तर ते पत्र्या-पत्र्यावर आपटत राहिलं.

"आठे गानं नही व्हनार, शेठ," भटू म्हणाला. "डब्बामा दगड खळखळावतस तसं वाजी."

"गाठी लाव ना भो," शेठ हसले. "कापूस आवाज पितो."

हमालांनी स्टेजच्या तिन्ही बाजूंनी डोक्याच्या वर रुईच्या, म्हणजे दाबलेल्या कापसाच्या, गाठी रचल्या. मागे पत्र्याची भिंत आणि गाठी यांच्यामध्ये एक अरुंद बोळ तेवढा ठेवला, बायकांना स्टेजवरून मागच्या दाराकडे जायला; त्याचं तोंड स्टेजकडे उघडं. घुमणं थांबलं. पण कसं थांबलं म्हणता! शब्द ओठापाशीच मरायचा. टाळी वाजवली तर आपले हात आपले वाटत नव्हते. सरकीचा उबट वास नाकात बसला. मला तिथं उभं राहवेना. भटू मात्र खूश. "अक्का, स्टुडिओ व्हयी गया!"

दुपारी माईक तपासताना मी एक ओळ म्हटली. पायाशी ठेवलेल्या स्पीकरच्या पेटीतून कुंदानं ती झेलली. सुरात, गोड. मी मागे वळले. कुंदा बशीनं चहा पीत होती. तिचा माईक सतरंजीवर पडलेला.

"तू गायनी का वं?"

तिनं घोट गिळला. "मन्हा तोंडमा चहा शे. येडी व्हयनी का?"

भटूला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचाच आवाज फिरून येतो, अक्का."

"माझा आवाज कुंदासारखा कधीपासून झाला रे?"

सगळे हसले. कुंदाही हसली.

ऊन उतरल्यावर नवरीला हळद लागली, बायका दाटीवाटीनं बसल्या. मोठा दरवाजा ओढून घेतलेला. दोन गाणी झाली. कुंदा कानाशी म्हणाली, "पाणी पी येस," आणि मागच्या बोळात शिरली. मी पुढची ओळ सुरू केली. बोळातून बाहेरच्या जनरेटरची घरघर यायची, ती मध्येच ऐकू येईनाशी झाली. बरं वाटलं मला. ओळ टाकली, कुंदानं झेलली. बायका डोलायला लागल्या. इतका स्वच्छ आवाज कुठल्याच कार्यक्रमात लागला नव्हता.

शेजारी पाहिलं. जागा रिकामी.

मागे पाहिलं. बोळाचं तोंड होतं तिथं आता गाठ होती. फटींमध्ये सुटी रुई कोंबलेली.

मी गायची थांबले. पेटी थांबली नाही. तिनं ओळ पुरी केली. मग हळूच...

"सुगंधा... दम कोंडाई राह्यना वं... दार उघाड..."

बायका डोलतच होत्या. त्यांना गाणंच ऐकू येत होतं.

मी ओरडले, "गाठ काढा! कुंदा आत आहे!"

शेठ स्टेजपाशी आले. "अक्का, गा ना. काय मस्त आवाज येतोय तिचा!"

"ती गात नाही! हा बघा तिचा माईक, बंद आहे!"

"मागे कोणी नाही. बोळ आत्ताच बुजवून घेतला मी, घरघर येत होती. दाराला कुलूपही मीच लावलं. पाहुणे कापसात जाऊन बिड्या ओढतात."

"अरे मेल्या, मग ती निघेल कुठून?"

मी नखांनी रुई ओढायला लागले. लोक म्हणाले, बाईच्या अंगात आलं. भटूनं मशीन बंद केलं. मशीनवरचे दिवे विझले. पेटीतला श्वास चालूच होता... घुर्र... घुर्र... तेव्हा भटू पांढरा पडला. हमालाच्या हातातला आकडा हिसकावून त्यानं गाठ ओढली.

कुंदा उभीच होती. नाकात रुई, तोंडात रुई. डोळे उघडे.

जगली ती. पण त्या दिवसापासून बोलली नाही. धुळ्याचा डॉक्टर म्हणतो, गळ्याला काही झालेलं नाही. शेठनं पोलिसांना सांगितलं, बोळ साऊंडवाल्यानं बुजवला. हमालांनीही मान हलवली, पोट त्यांचं शेठच्या हातात. भटूला आत टाकायची भाषा सुरू झाली. कुंदाचा भाऊ लीलाधर तक्रारीवर सही करायला निघाला होता.

परवा सकाळी मी भटूला ती पेटी घेऊन कुंदाच्या ओट्यावर बोलावलं. चांगलं ऊन पडलेलं. कुंदा उंबऱ्यात तूर निवडत होती. पेटीला एकही वायर जोडलेली नव्हती. लीलाधर कपाळाला आठ्या घालून उभा.

"अक्का, तमाशा पुरे."

मी ओळ टाकली. पेटीनं झेलली.

लीलाधर दोन पावलं मागे सरकला. कुंदानं मान वर केली नाही. फक्त एक हात उचलून स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

मी पेटीपाशी वाकले. "कुंदा... तुले कोन कोंडं वं?"

बराच वेळ कापसातून यावा तसा श्वास आला. मग भावाच्या देखत, भर उन्हात, पेटी बोलली.

"प्रेमराज."