मॅगझीन बसल्याचा आवाज

नेमबाजी क्लबच्या तळघरात वहिनींचं दुरुस्तीचं टेबल होतं. सगळा क्लब त्यांना वहिनीच म्हणायचा. वर ऑफिसात बसणारी त्यांची नणंद दिवसभर जिन्यातून "वहिनीऽ" अशी हाक मारायची, आणि बघता बघता तेच नाव साऱ्यांच्या तोंडी बसलं.

त्या सकाळी भूगोलाचे निवृत्त मास्तर रायफल घेऊन उतरले. दुपारी त्यांची स्पर्धा होती. वय सत्तर, पुढच्या वर्षी डोळे साथ देतील याचा भरवसा नव्हता.

"मॅगझीन धड बसत नाही. बसलंच, तर मधेच गळून पडतं. अगदी माझ्या कवळीसारखं!"

"कवळीचं माझ्याकडे काही चालायचं नाही, मास्तर. मॅगझीनचं बघते."

मास्तर हसत वर गेले. वहिनींनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि मॅगझीन उघडलं. दहाऐवजी नऊच काडतुसं मावत होती, कारण स्प्रिंगखाली वाळक्या ग्रीसचा थर साचला होता. तो पुसला. मग मॅगझीन धरून ठेवणारी कळ तपासली. तिच्या टोकाला धातूचं बारीक कुसळ उठलं होतं, म्हणून ती खाचेत पुरती शिरत नव्हती. कानस दोनदा हलकेच फिरवली. चाचणीसाठीची प्लॅस्टिकची दहा डमी काडतुसं भरून मॅगझीन वर ढकललं.

खट्.

मागच्या भिंतीतून उत्तर आलं. खट्.

"घुमतंय मेलं," वहिनी पुटपुटल्या. कळ दाबून मॅगझीन काढलं. भिंतीपलीकडेही कळ दाबल्यासारखं वाजलं.

भिंतीपलीकडे टेकडी होती. नुसती माती.

त्यांनी नणंदेला खाली बोलावलं. नणंदबाईंनी भिंतीला कान लावला, वहिनींनी मॅगझीन बसवलं. खट्. पाठोपाठ खट्.

"उंदीर असेल हो!"

"रायफल शिकलेला?"

"मग त्याची वर्गणी लावू या!"

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता वहिनींनी मॅगझीन काढून पुन्हा बसवायला उचललं.

खट्.

ते अजून त्यांच्या हातातच होतं.

नणंदेचं हसू विरलं. "वहिनी, मी वर जाते. तुम्हीही चला."

रायफल उचलून दोघी जिना चढल्या. वर मास्तरांनी स्वतः मॅगझीन बसवून पाहिलं. एकच आवाज, स्वच्छ. कळ दाबली की अलगद तळहातात. मास्तर लहान मुलासारखे खुलले. दुपारी ते दुसरे आले, आणि पहिल्या आलेल्या पोरीपेक्षा जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. नणंदबाईंनी तर शिट्टी मारली. एवढ्या गोंगाटात वहिनींना सकाळची भीती अगदीच बावळट वाटायला लागली.

चार वाजता त्या हत्यारं आवरायला एकट्याच खाली आल्या. जिन्याकडच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. त्यांनी कानस कपड्यात गुंडाळली.

भिंतीपलीकडे कुणीतरी मॅगझीन भरत होतं. सावकाश, एकेक काडतूस.

त्यांनी मनात मोजलं. दहा.

खट्.

मग गोळी नळीत चढवणारा बोल्ट मागे गेला, पुढे आला.

प्लॅस्टिकच्या डमीचा आवाज बद्द येतो. हा तसा नव्हता.