भुताची उंची

धाकट्या भावाचा पहिलावहिला भयपट, आणि त्यातली भुतं करायची थोरल्या बहिणीने, घरच्या कॉम्प्युटरवर. भावाची सात वर्षांची लेक त्यात काम करत होती, म्हणून सगळं युनिटच बहिणीला आत्या म्हणू लागलं.

पद्धत साधी होती. चित्रीकरणात भूत नसतंच. ते जिथे यायचं तिथे काठीला लाल चेंडू बांधायचा आणि पोरीने त्याकडे बघायचं. मग आत्या चेंडू पुसणार, भूत बसवणार.

पण पोरीने चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"अरे, चेंडू कपाटापाशी आणि तुझी लेक बघतेय खिडकीकडे," आत्या फोनवर म्हणाली. "पुन्हा घे."

"कुठे घेऊ, ताई? ते घर परवा पाडलं. हा प्रसंग गेला तर सिनेमाच गेला." मग जरा लाडीगोडीने, "भुतालाच हलव की. ते थोडंच कुरकुरतंय?"

हलवलं. तरी जुळेना. नजर म्हणजे ताणलेला दोरा. भूत साडेपाच फुटी, आणि दोरा त्याच्या पोटात शिरत होता.

आत्याला आता कामापेक्षा कुतूहलच जास्त. त्या प्रसंगाच्या पाचही शॉटमध्ये तिने पोरीच्या दोन्ही डोळ्यांतून रेघा काढल्या, जिथे भेटल्या तिथे खूण केली. चुळबुळ्या मुलाची नजर भरकटते. या खुणा मात्र खिडकीपासून पलंगाकडे सरळ येत होत्या, पावलापावलाने. आणि जमिनीपासून उंची दर वेळी तीच. सव्वातीन फूट.

तिने भूत तेवढंच केलं. चपखल बसलं. खिडकीच्या पडद्याची हालचालसुद्धा त्याच्या खांद्याशी जुळली.

दुपारी शाळा सुटल्यावर पोर आली, ती थेट आत्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

"तू चेंडूकडे का नाही बघितलंस गं?"

"बाबा म्हणाले होते, भूत असेल तिकडे बघ."

आत्या हसली. हसू अर्ध्यावर राहिलं.

शेवटचा शॉट आला तशी पोर पुढे वाकली. "इथे चुकलंय, आत्या. तिचा हात असा लोंबत नव्हता. तिने मला धरलं होतं."

"कुठे?"

पोरीने दंड दाखवला.

आत्याने भूत काढून टाकलं. मूळ चित्रण मोठं केलं. रिकामी खोली. पलंग. पलंगावर पोर.

हाताची जागा शोधावी लागली नाही. फ्रॉकची फुग्याची बाही चार बारीक जागी चेपलेली होती, आणि एकेक फ्रेम पुढे जाईल तशी आणखी आवळत होती.