हिरवी रेघ

खेळातल्या पत्त्याच्या डाव्या कडेला केसाएवढी हिरवी रेघ होती. चारुलता मगदूमांनी भिंग जवळ नेलं. रेघ सावकाश रुंदावली, अरुंद झाली, पुन्हा रुंदावली.

"मॅडम, सांगा की आता," सुयोग चौगुले खुर्चीत चुळबुळला. "असला पत्ता 'अरण्य'च्या यादीतच नाही. हिनं घरी बनवलाय."

"घरी मी चपात्या बनवते," समोरून फरहीन मुल्ला म्हणाली. "त्याही गोल होत नाहीत."

इचलकरंजीच्या मंगल कार्यालयातली, 'अरण्य' या पत्त्यांच्या खेळाची विभागीय स्पर्धा अंतिम डावावर थबकली होती. बाकीचे खेळाडू आपापल्या गड्ड्या हातात घेऊन टेबलाभोवती गोळा झाले होते. चारुलता मुख्य पंच होत्या. निवृत्तीपर्यंत त्यांनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं.

'अरण्य'च्या प्रत्येक पत्त्यावर स्मरणपापुद्रा असे. खेळलेल्या डावांची खूण तो धरून ठेवी, आणि त्यानुसार पत्त्यावरच्या प्राण्याचं किंवा झाडाचं बळ किंचित बदले. पण चित्र तेच राही. फरहीनच्या या पत्त्यावर साळिंदर असायला हवं होतं. तिथे काट्यांच्या जागी पालवी फुटलेला, कुणीच न रेखाटलेला जीव उभा होता.

टेबलावरच्या फोनमधून पत्ते बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलत होता. "बिघाड आहे, मॅडम. पाटीवर ठेवा आणि कोरा करा. नाहीतर तुमच्या विभागाची मान्यता जाईल."

पत्त्यांवरच्या खुणा पुसायची विजेची पाटी शेजारीच होती. तिचा दिवा लागलेला होता.

"मी डाव सोडते," फरहीन हळूच म्हणाली. "राज्य स्पर्धेला सुयोग जाऊ दे. पण पत्ता पुसू नका, मॅडम. पुन्हा असा होणार नाही."

चारुलतांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "डावाआधी पत्ते कसे पिसले?"

"नेहमीसारखेच," सुयोग म्हणाला. "दोघांच्या गड्ड्या एकत्र, मग पाठीच्या रंगावरून वेगळ्या. कुणाला हातचलाखी करता येऊ नये म्हणून. आपल्याकडं पहिल्यापासून असंच की."

बाकी सगळीकडे यंत्र पिसतं, प्रत्येकाची गड्डी स्वतंत्र. फक्त इथे पापुद्र्याला पापुद्रा घासत आला होता. प्रत्येक वेळी इकडची थोडी खूण तिकडे गेली असणार. जी टिकली ती टिकली, बाकीची विरली. सूक्ष्मजीव एकमेकांना गुणधर्म कसे देतात, हे चारुलतांनी कितीदा तरी फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या सुयोगकडे वळल्या.

"चौगुले, तुमची गड्डी पसरा."

"माझी कशाला?" म्हणत त्याने पत्ते पसरले. वाघाटी या रानमांजराच्या पत्त्याशी त्याचा हात थांबला. डाव्या कडेला रेघ होती. पुसट, पण हलणारी.

"आयला," मागून कोणीतरी म्हणालं. "माझ्याकडं पण!"

सभागृहभर पत्ते उलटे-सुलटे होऊ लागले. खारीच्या पत्त्यावर, घोरपडीच्या, पिंपळाच्या. इतक्या हातांमधल्या इतक्या रेघा एकाच लयीत रुंदावत होत्या, अरुंद होत होत्या.

"मॅडम, ऐकताय ना?" फोनमधला आवाज म्हणाला. "पुसला का?"

सुयोगने वाघाटीवर तळहात ठेवला. "माझा पण पुसणार?" त्याने विचारलं.

चारुलतांनी पाटीची वायर उपसून काढली, पालवीचा पत्ता फरहीनपुढे सरकवला आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"पुसायचा नाही," त्या म्हणाल्या. "यातला एकही नाही."