मामांचं बरोबर उत्तर

ही घटना शंभर टक्के खरी आहे. जे तिच्यात सापडले ते माझे सख्खे मामा, आणि ज्याच्या जिवावर बेतली तो मामींचा धाकटा भाऊ. दोघंही हयात आहेत. एकमेकांशी बोलतात का, ते विचारू नका.

मंगळवार होता. दुपारचे पावणेदोन. बाहेर लख्ख ऊन.

मामा लष्करी संग्रहालयात पाट्या तयार करतात. गाडी कुठली, तोफ कुठली, नळीचं तोंड आतून किती मिलीमीटर, हे सगळं. त्या मापाला कॅलिबर म्हणतात, आणि कॅलिबर म्हणजे मामांचा जीव की प्राण.

"डोळ्यांवर पट्टी बांधा माझ्या," ते म्हणायचे. "नळीत नुसता हात घालू द्या. आकडा सांगतो. अठरा वर्षांत एकदाही चुकलो नाही."

दुसरा कोणी चुकला की मात्र यांच्या पोटात कळ. एकदा सिनेमातला हिरो तोफेला रणगाडा म्हणाला, तर मामा भर अंधारात उभे राहून पडद्याशी भांडले. दोघांनी धरून बाहेर काढलं. जाताजाताही ते त्या दोघांना फरक समजावत होते.

तर तो मंगळवार. संग्रहालयाला सुट्टी. तीन नंबरच्या शेडमध्ये एक गाडी चार दिवसांपूर्वी आली होती. पट्ट्यांवर चालणारी, वर गोल बुरूज, पुढे लांब नळी. कागद नाहीत, नंबर नाही. कुठून आली, कुणी पाठवली... कुणालाच पत्ता नाही.

मेव्हणा पेंटर. तो गाडीच्या मागच्या दारानं आत शिरून पांढरा रंग मारत होता. रंगाचा वास डोक्यात जातो म्हणून मागचं दार आणि वरची दोन्ही झाकणं सताड उघडी ठेवली होती.

"दाजी, आकडा लिहून टाकू का पाटीवर?" आतून आवाज आला.

"लिही. एकशे बावीस. या जातीच्या दोनच गाड्या. एका बाजूला सात चाकं असली की एकशे बावीस, सहा असली की एकशे बावन्न. हिची सात आहेत, मी आल्या दिवशीच मोजलीत."

"मग आता मोजपट्टी घेऊन कशाला आलात?"

"साहेबांच्या समाधानासाठी."

मामांनी नळीच्या तोंडाला पट्टी लावली.

एकशे बावन्न.

त्यांनी पट्टी पुसली. पुन्हा लावली. एकशे बावन्न. मग वाकून चाकं मोजली.

सहा.

सातवं चाक निघालं असतं तर जागा रिकामी दिसली असती. जागा नव्हती. पट्टा नीट ताणलेला. जणू ते चाक कधी नव्हतंच...

"काय झालं, दाजी? चुकलात वाटतं," मेव्हणा आतून खिदळला.

आणि मध्येच गप्प झाला. ब्रशची घासघासही थांबली.

मग आतून एक आवाज आला... मेव्हण्याचा नव्हे. तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा, निवांत, कोरडा.

"हा रणगाडा आहे."

मामांच्या अंगावर काटा आला. पण जीभ कुठली ऐकते?

"रणगाडा नव्हे. स्वयंचलित तोफ. रणगाडा समोर जाऊन भिडतो, ही मागं राहून दुरून मारते."

"बरोबर," आवाज म्हणाला.

खट्... वरचं एक झाकण आपोआप बंद झालं.

"दाजी?" मेव्हण्याचा आवाज बारीक झाला होता. "झाकण का लावलंत?"

मामा बोलणार, तेवढ्यात...

"हिला चाकं सात आहेत."

"सहा," मामांच्या तोंडून गेलंच.

खट्... दुसरं झाकण.

आता मामांना उमगलं. त्यांनी खिशातला रुमाल तोंडात कोंबला. मागचं दार अजून उघडं होतं. पाच पावलं. मेव्हण्याचा हात धरून ओढायचं, बस्स. ते धावले.

तेवढ्यात शेडच्या दारातून वॉचमन डोकावला.

"साहेब, रणगाड्यात काय वाजतंय?"

रुमाल बाहेर.

"रणगाडा नव्हे, अरे बाबा..."

खट्.

मागचं दार मामांच्या नाकासमोर बंद झालं.

आतून धाडधाड सुरू झाली. "दाजी, गुदमरतोय. उघडा ना." वॉचमननं पहार आणली. पहार वाकली, दार हललं नाही. अग्निशामकवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, पंचवीस मिनिटं.

रंगाच्या त्या वासात पंचवीस मिनिटं कोण टिकतं?

"कॅलिबर किती?" आतून तो निवांत आवाज.

मामांनी डोकं चालवलं. बरोबर उत्तरानं बंद होतंय, तर चुकीच्या उत्तरानं उघडेल. आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम चुकायचं होतं.

"एकशे... बावीस."

"बरोबर."

आतली कडी आणखी एकदा फिरल्याचा आवाज आला. मामांनी चाकांकडे बघितलं.

सात.

"चारशे," मामा ओरडले. असली तोफ या शेडमध्ये मावणारच नाही.

"बरोबर."

वॉचमन मटकन खाली बसला. नळीचं तोंड घमेल्याएवढं झालं होतं.

दोन हजार म्हणावं, तर नळी छप्पर फाडून जाईल. शून्य म्हणावं, तर आतली जागाच उरली नाही तर? मामा जे बोलतील ते बरोबर ठरत होतं. अठरा वर्षं हेच तर त्यांना हवं होतं.

आतली धाडधाड मंदावली. मग एकेक ठोका... मग नुसतं नखांनी खरवडणं...

"साहेब," वॉचमन रडकुंडीला आला होता. "माहीत नाही म्हणा ना."

"मला माहीत आहे रे."

"तरी म्हणा."

"कॅलिबर किती?"

खरवडणंही थांबलं.

मामांनी नळीकडे बघितलं. पट्टीकडे बघितलं. त्यांना खरंच काही सांगता येईना. ते तिथंच गुडघ्यांवर बसले.

"मला... माहीत नाही."

मग दार उघडलं. अगदी हळू.

मेव्हणा पालथा पडला होता. ओढून उन्हात नेला, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे खोकला. मामा मागे वळले. सहा चाकं, एकशे बावन्नची नळी. आत कोणीही नव्हतं.

"आत कोण होतं रे?" मामांनी विचारलं.

मेव्हणा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला.

"कोण असणार, दाजी? तुम्हीच की. कानाशी बसून विचारत होता. सांग, कॅलिबर किती. सांग, चाकं किती. मी सांगत होतो, आणि तुम्ही दर वेळी चूक म्हणत होता."

संध्याकाळी त्याला दवाखान्यात दाखल केलं. मामी उशाशी, मामा पायाशी. डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या.

"पेशंटचं वय?"

"चौतीस," मामी म्हणाल्या.

"चौतीस नव्हे गं," मामा म्हणाले. "छत्तीस."

वॉर्डाचं दार आपोआप लागलं. कुलूपवाल्याला यायला दीड तास लागला.