सगळे आले

“त्या मनोऱ्यात म्हणे, सगळ्यांत शेवटी उतरणारा माणूस...” एवढंच कानावर पडलं आणि मेली बादली जिन्यावर आपटली. लॉजमध्ये झाडलोट करणाऱ्या दोघी बोलत होत्या. टॉवेल मागायच्या निमित्ताने मी बाहेर डोकावले, तर दोघी पाणी पुसायला लागल्या.

“काकू, सुट्टीवर आलोय आपण. कानांनाही जरा सुट्टी द्या,” शेजारच्या वहिनींची सून हसत म्हणाली.

ही सहल खरं तर वहिनींच्या यजमानांनी, आमच्या भाऊजींनी ठरवलेली. जुनी शहरं निवांत बघायची, कुठे धावपळ करायची नाही. पण ते गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून वहिनी ताटावर बसल्या की घास हातात धरून नुसत्या बघत राहायच्या. शेवटी मुलाने हट्टाने त्यांना बाहेर काढलं आणि सोबतीला मला घेतलं. आमची दारं समोरासमोर. त्यांच्याकडे दूध उतू गेलं तर आधी मला कळतं.

भाऊजींची एक पद्धत होती. कुठे अंधारी जागा लागली की सगळ्यांनी रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं. ते स्वतः शेवटी. सगळे आले याची खात्री झाली की ते पुढच्याचा खांदा दोनदा दाबायचे. तो दाब एकेका खांद्यावरून पुढे पोचला की मगच पहिल्याने पाऊल टाकायचं. आयुष्यात त्यांनी कुणाला मागे सोडलं नाही.

दुपार कलताना आम्ही गावातल्या त्या जुन्या मनोऱ्यावर होतो. खाली कौलांचा समुद्र, वर भन्नाट वारा. उतरताना ते अर्धं वाक्य माझ्या मनात टोचत होतं.

“शेवटी मी राहते,” मी म्हटलं.

“नको. ती ह्यांची जागा आहे,” वहिनी म्हणाल्या. “तिथे मीच राहीन.”

जिना अरुंद, गोल फिरत जाणारा. आत पाऊल टाकलं की उजेड संपला. ओल्या चुन्याचा, कबुतरांच्या विष्ठेचा वास. पुढे मुलगा, मग सून, मग मी. माझ्या खांद्यावर मागून हात आला. गार होता, वाऱ्यात उभ्या होत्या ना, असं वाटलं मला. हाताने दोनदा दाबलं. मी सुनेचा खांदा दाबला आणि आम्ही निघालो. शेवटच्या पायरीपर्यंत तो हात होता. चपला मात्र आम्हा तिघांच्याच वाजत होत्या. हे नंतर लक्षात आलं.

खाली रखवालदार किल्ली घेऊन उभाच होता. “सगळे आले?”

“आले,” मुलगा म्हणाला. कुलूप लागलं.

वहिनींना पाण्याची बाटली द्यायला मी वळले. मागे कुणी नव्हतं.

कुलूप काढून आम्ही धापा टाकत वर गेलो. कठडा जिथे तुटला होता, तिथे अगदी काठाशी वहिनी उभ्या होत्या.

“आई!”

“ओरडतोस काय असा? ह्यांनीच थांब म्हटलं... म्हणून थांबले.”

मुलाने त्यांना दोन्ही हातांनी धरून खाली आणलं.

त्या रात्री वहिनी पोटभर जेवल्या. “ते अजून आहेत हो, आपल्या मागे,” मला हळूच म्हणाल्या. मी ‘हो’ म्हटलं. उजळलेल्या त्या चेहऱ्याला दुसरं काय सांगणार? पण मला झोप लागेना. वहिनी वर असताना ‘सगळे आले’ असं भाऊजी सांगतील?

सकाळी मी झाडणाऱ्या त्या दोघींतल्या एकीला गाठलंच. “काय गं, शेवटच्या माणसाचं काय होतं?”

“तो वरच राहतो म्हणतात.”

“आमच्या वहिनी तर आल्या खाली.”

“मग खोटं असेल,” ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

गाडीत मुलगा आणि सून पुढे बसले, मी मधल्या सीटवर. मागची सीट वहिनींची.

“काकू, सगळे आले ना?” फोनमध्ये रस्ता शोधत मुलाने विचारलं.

माझ्या खांद्यावर मागून हात आला. गार. दोनदा दाबलं.

मी मागे पाहिलं नाही. बाजूच्या खिडकीतून वहिनी दिसत होत्या, लॉजच्या पायरीवर वाकून चपलेचा पट्टा लावत. बाई अर्धंच खरं बोलली होती. वर राहिलेलं जे कुणी होतं, ते काल आमच्या मागोमाग खाली आलं होतं.

“काकू?” त्याने गाडी सुरू केली.

“थांब...” मी म्हटलं. “अजून नाही आले सगळे.”

खांदा पुन्हा दाबला गेला. या वेळी जोरात.