डाव्या हाताने खरवडलेली कातडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कुणाचाच नव्हता, बाबांचा तर अजिबातच नव्हता. तरी हे घडलं आणि माझ्यासोबतच घडलं. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

तारीख पक्की आहे. शनिवार, १२ जुलै २००८. मेलबर्नच्या पश्चिमेला, बॅकस मार्शच्या पुढे, मेंढ्यांच्या एका फार्मवरची पत्र्याची शेड.

वेळ दुपारी साडेतीनची. हो, दिवसाढवळ्या.

त्या वर्षी मेलबर्नमध्ये आम्हा विद्यार्थ्यांचं नुसतं पीक आलं होतं. एकेका घरात आठ-आठ जण. रेझ्युमे वाटून बूट झिजले, पण काम मिळेना. शेवटी रॉस नावाच्या एका म्हाताऱ्याने मला ठेवून घेतलं. कोकरं खाणारे कोल्हे तो सापळ्यात धरायचा. हिवाळ्यात त्यांची लव दाट असते, म्हणून कातडी विकायचा. मारणं आणि सोलणं त्याचं. पुढचं माझं. ओलं कातडं गोल ओंडक्यावर चढवायचं, बोथट सुरीने चरबी खरवडायची, मग निमुळत्या फळीवर ताणून सुकत लावायचं.

घरी मी सांगितलं, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत लागलोय.

का सांगितलं तेही ऐका. माझे आजोबा गावकीचं काम करायचे. मेलेली गुरं ओढायची, सोलायची. बाबा लहानपणी त्यांच्याशेजारी बसून कातडी खरवडायचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि आजोबांनी ते काम कायमचं सोडलं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढे ते शिक्षक झाले, अकोल्यात पस्तीस वर्षं शिकवलं. त्या कामाबद्दल ते एवढंच म्हणायचे, "ते माझ्यापाशी संपलं, सुजित."

अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

लायब्ररीचं ऐकून बाबा सगळ्या कॉलनीला सांगत सुटले. दर रविवारी फोनवर विचारायचे, "आज कुठली पुस्तकं लावलीस?" मी कुठलीतरी नावं ठोकून द्यायचो. ते खूश व्हायचे, आणि मला आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून जुलैच्या सुट्टीत आठवडाभर फार्मवर राहायला गेलो, तेव्हा फोन बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला. तसंही रेंज फक्त फाटकापाशी यायची. निदान एक रविवार तरी खोटं बोलायला नको, एवढंच डोक्यात होतं.

गुरुवारी माझ्या हातून दोन कातडी फाटली.

रॉस म्हणाला, "वन मोअर होल, मेट, आणि तू घरी." मग गाडी घेऊन तो सापळे बघायला गेला.

थंडीने बोटं बधिर झाली होती. तीन कातडी अर्धवट टाकून मी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला माझ्या मुक्कामाच्या कॅरॅव्हॅनमध्ये चहा करायला गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तर...

शेडमधून आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र...

वाटलं, रॉस लवकर आला. पण त्याची गाडी कुठेच नव्हती.

मी दाराला हात लावला आणि आवाज थांबला.

आत कुणीही नव्हतं. तिन्ही कातडी फळ्यांवर ताणलेली होती. स्वच्छ. एक भोक नाही. जमिनीवर भुसा पसरलेला होता आणि त्यात फक्त माझ्याच बुटांचे ठसे होते.

संध्याकाळी रॉसने ती कातडी उजेडात धरली. "हे तू केलंस?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "फनी. ही सुरी डावखुऱ्याने चालवलीय."



बाबा डावखुरे. फळ्यावरसुद्धा डाव्या हातानेच लिहायचे.

शुक्रवारी तेच. चहाला गेलो, आलो, काम झालेलं.

शनिवारी मी चहाला गेल्याचं सोंग केलं आणि पत्र्याला कान लावून उभा राहिलो. साडेतीन वाजले.

खर्र... खर्र...

हात सराईत होता. मला तसा कधीच जमला नसता. पण त्या दिवशी तो थकत चालला होता. दोन फटकारे... मग थांबणं. एक फटकारा... मग बराच वेळ काहीच नाही.

मग कुणीतरी लांब श्वास सोडला.

मी दार उघडलं. एक कातडं अर्धवट राहिलं होतं. सुरी ओंडक्यावर पडलेली. मी ती उचलली. बाहेर सहा डिग्री तापमान होतं...

आणि सुरीची मूठ गरम होती.

मी धावत सुटलो. बॅगेतून फोन काढला, फाटकापाशी जाऊन सुरू केला. तेवीस मिस्ड कॉल. सगळे पायलचे, माझ्या धाकट्या बहिणीचे.

"दादा, कुठे होतास रे तू?" पायल रडतच बोलत होती. "गुरुवारी बाबांना अटॅक आला. तीन दिवस आम्ही तुला शोधतोय. दादा... बाबा गेले. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी."

मी अकोल्याला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

त्या रात्री पायल सांगत होती. तीन दिवस बाबा शुद्धीवर नव्हते. पण रोज सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा डावा हात हलू लागायचा. चादरीवर, वरून खाली, वरून खाली. आईने धरून पाहिला तर आवरत नव्हता. एकदा तर स्पष्ट बोलले.

"त्याला बसू द्या जरा. मी करतो."

इथले अकरा म्हणजे मेलबर्नचे साडेतीन. हा हिशोब मी बसल्या बसल्या केला आणि मला रडूच फुटलं. सगळ्यांना वाटलं, बाबांसाठी रडतोय.

आज मी मेलबर्नच्याच ट्रुगानिना उपनगरात राहतो. पीआर आहे, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, नोकरी बरी आहे. रॉसकडे परत कधी गेलो नाही. त्या तीन दुपारी काय झालं, ते मला समजावून सांगू शकणारा कुणी भेटलेला नाही.

पण एक गोष्ट राहिली. सगळे झोपल्यावर पायलने हळूच विचारलं होतं, "दादा, बाबांच्या हाताला कसला तरी वास येत होता. आईने तीनदा साबणाने धुतला, जाईचना. कसला असेल रे?"

"औषधाचा असेल," मी म्हणालो.

ते खोटं मात्र मी स्वतःला वाचवायला बोललो नाही. खरं सांगितलं असतं तर आईला कळलं असतं, की बावन्न वर्षांनी बाबा कशाला परत हात लावून गेले, आणि कुणासाठी.