मुलीकडच्या खुर्च्या

आपल्या लग्नाच्या रिसेप्शनचा डीजे ठरवायचं काम लेकीने, नूतनने सावळेराम सरांवर सोपवलं, तेव्हा त्यांना आधी वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं, पण साधी मेथीची जुडी घेतली तरी घरी येईपर्यंत चारदा वाटायचं, दुसरी घ्यायला हवी होती.

"अप्पा, ध्वनी हा तुमचाच विषय ना? आता पास होऊन दाखवा," नूतन म्हणाली.

नूतन जनावरांची डॉक्टर. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या एक्केचाळीस घरांच्या गावातली पहिली डॉक्टर. सर हे कुणाला सांगत नसत, पण कुणी विचारावं म्हणून वाट मात्र बघत.

त्यांनी तीन डीजे पाहिले. नारायणगावातला पहिला म्हणाला, "सर, छाती हादरली न्हाई तर नाव बदलीन." सरांना आधीच धडधड व्हायची. दुसऱ्याने तासभर नुसते लाइट आणि धूर दाखवला. तिसरा पेठचा ऋतिक. तिशीचा, कमी बोलणारा, वायरी नीट गुंडाळून ठेवणारा. त्याने गाण्यांचं काही विचारलंच नाही.

"माणसं किती येणार? मुलाकडची किती, मुलीकडची किती?"

"ते कशाला हवं?"

"माणूस आवाज पितो सर. रिकामा हॉल घुमतो. भरला की घुमायचा थांबतो. त्या बेतानं मी आवाज लावतो."

हेच शिकवायला सरांना वर्गात दोन तास लागायचे. त्यांनी तिथल्या तिथे ऋतिकला पक्का केला. पण त्याचा प्रश्न काट्यासारखा रुतून बसला. मुलाकडून पुण्याहून चार बसगाड्या येणार होत्या. मुलीकडून? पाणी चढलं तसं गाव विस्कटलं होतं. कुणी मुंबईला, कुणी घोडेगावला, कुणी कायमचंच गेलेलं. पाठवलेल्या पत्रिकांतल्या कितीतरी परत आल्या होत्या.

"मुलीकडची दोनशे," सर म्हणाले आणि त्यांचे कान गरम झाले.

रिवाजाप्रमाणे पहिली अक्षत गावच्या देवाला. देऊळ पाण्याखाली, म्हणून काठावरूनच द्यायची. वरच्या वाडीत राहणारा त्यांचा चुलतभाऊ गेणू सोबत आला. माघातलं ऊन होतं, दुपार शांत होती, आणि पाण्याला ओल्या मातीचा, शेवाळाचा वास होता.

"देवाला तेवढं सांग दादा, आन् चल," गेणू म्हणाला.

सरांनी अक्षता पाण्यावर टाकल्या. टाकताना त्यांना रिसेप्शनची चारशे खुर्च्यांची बैठक डोळ्यांसमोर दिसली. उजवीकडे पुणेकर दाटीवाटीने बसलेले आणि डावीकडे नुसतीच पांढरी कव्हरं. पोरगी स्टेजवरून काय बघणार? त्यांनी मोठ्याने एकेक घर पुकारायला सुरुवात केली. सयाजीचं घर, भागूचं घर, कुंभाराचं घर… अशी एक्केचाळीस घरं. आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "आमच्या नूतनचं लग्न आहे. चूलबंद आवतान आहे."

चूलबंद म्हणजे घरातलं झाडून सगळं माणूस यायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही.

गेणू त्यांच्याकडे बघतच राहिला. "दादा, तू लई शिकलेला माणूस… ती घरं कवाच रिकामी झाली. आता तिथं जे कोण आसंल, त्यास्नी तू चूलबंद सांगितलं?"

"भावनेच्या भरात बोललो रे."

"बोललास ते बोललास. आवतान माघारी घेता येत न्हाई." गेणू पाण्याकडे पाठ न करता, मागे मागे सरकत काठ चढला.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारी चारला सर कार्यालयात पोचले. ओतूर रस्त्याला, द्राक्षबागांच्या कडेला ते कार्यालय होतं. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. मागे आचाऱ्यांची भांडी वाजत होती. दोन्ही बाजूंना सारख्याच खुर्च्या, सारखीच कव्हरं. ऋतिक मधल्या वाटेवर उभा होता. त्याची माणसं बाहेर टेम्पोपाशी जाऊन थांबली होती.

"सर, जरा ऐका." त्याने उजवीकडे तोंड करून टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटत, घुमत छतापर्यंत गेली. मग तो डावीकडे वळला आणि पुन्हा वाजवली.

टाळी वाजली आणि तिथंच मेली. गोधडीत वाजवल्यासारखी.

"पडदे असतील," सर म्हणाले.

"न्हाईत."

सर स्वतः भिंतीपर्यंत गेले. उघडा गिलावा. खाली फरशी. खिडक्या दोन्हीकडे तेवढ्याच. डोक्यात सूत्रं मांडून पाहिली, खोडली, पुन्हा मांडली. नेहमीप्रमाणे आपलंच काही चुकतंय असं वाटलं. त्यांनी खाकरून पाहिलं. आवाज ओठांपासून हातभर गेला आणि कुणीतरी उचलून घेतल्यासारखा नाहीसा झाला. त्या बाजूला हवा कोंदट होती. बारशाच्या, बाराव्याच्या, कुठल्याही भरल्या घरात असते तशी. आणि तिच्यात ओल्या मातीचा वास.

ऋतिक वायरी गुंडाळू लागला होता.

"हे काय?"

"सर, बारा वर्षं मी ह्यो धंदा करतोय. माझा कान मला फसवत न्हाई. तुमची बाजू… भरलीया. मला न्हाई जमायचं."

"सातला माणसं येतील. मुलीच्या आयुष्यातला प्रसंग आहे. ऋतिक, मी तुझ्या पाया पडतो."

"पाया नका पडू. त्यास्नी सांगा काय ते."

सरांनी माईक घेतला. रिकाम्या दोनशे खुर्च्यांकडे पाहिलं आणि पळून जावंसं वाटलं. मग त्यांना वाटलं, आपणच बोलावलं आणि आपणच पळायचं? एवढ्या लांबून आलीत ही. एकही घर चुकलं नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "माझ्या आवतानाला आलात… फार बरं वाटलं. आपल्या गावची पोर डॉक्टर झाली. आज तिचा मान आहे. हा ऋतिक चांगला कलाकार आहे, मी पारखून आणलाय. त्याला… त्याला भिववू नका."

हॉलच्या डाव्या बाजूने एक खुर्चीही हलली नाही. पण स्पीकरमधून येणारी बारीक घरघर थांबली. वर्गात गुरुजी आले की कुजबुज थांबते, तशी.

ऋतिकने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. मग हळूच विचारलं, "तुमच्या बाजूला आवाज किती ठेवू?"

"भरलेल्या हॉलला लागतो तेवढा," सर म्हणाले. बोलताना त्यांची मान ताठ झाली होती, हे त्यांना स्वतःलाही जाणवलं.

त्या संध्याकाळी ऋतिकने असं काही लावलं की पुण्याच्या म्हाताऱ्या बायकासुद्धा खुर्चीत डोलू लागल्या. ना छाती हादरली, ना कान बसले. सनई सुरू झाली तेव्हा ती शेजारी बसून कुणी वाजवतंय असं वाटत होतं. मुलाचे काका सरांचा हात धरून म्हणाले, "सर, डीजे कुठून शोधलात? कमाल आहे राव!"

मुलीकडची खरी माणसं साठ-सत्तर आली. डावीकडच्या खुर्च्या मोकळ्या दिसत होत्या, तरी कुणी बसलं नाही. सगळी भिंतीला लागून उभी राहिली. का, हे कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नूतन स्टेजवर आली तेव्हा डावीकडे पाहून तिने हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत. सरांना वाटलं, आपल्या आयुष्यात यापेक्षा भरलेली बैठक आपण पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋतिकचा फोन आला.

"सर, मी मंचरला आलोय. दुसऱ्याच कुणाचं लग्न हाय. हॉल मोकळा… आन् अर्धी बाजू पुन्हा तशीच."

सरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"त्यास्नी गाणी आवडली वाटतं," ऋतिक हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "तुमी आवतान दिलंय, तुमीच निरोप द्या. फोन स्पीकरला टाकतो. 'कार्य झालं, आता घरी जा' म्हणा. एवढंच म्हणा सर."

सरांनी तोंड उघडलं. घरी. कुठल्या घरी? त्यांना तो शब्द काही केल्या उच्चारवेना. पलीकडे इतकी गाढ शांतता होती की ऋतिकचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"मंडळी," ते शेवटी म्हणाले, "आपल्या पोरीचं कार्य… मनासारखं झालं ना?"

फोनमधून टाळ्यांचा आवाज आला. आधी एक, मग दहा, मग सगळा हॉल. सरांची छाती अभिमानाने भरून आली, मग वाटलं, ऋतिकनेच मशीनवर टाळ्या लावल्या असतील.

"पुरे ऋतिक, पुरे," ते कसेबसे म्हणाले.

"सर…" ऋतिक कुजबुजला. "मी दोन्ही हातांनी फोन धरलाय."